फ्लशची टाकी दुरुस्त करूनही परत गळते? आधी पाण्याची वाट शोधा

फ्लशच्या टाकीबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार चालूच राहते, वॉशर बदलला की चार दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. मग आतलं सगळं किट बदललं जातं, तरी महिन्या-दोन महिन्यांत तेच. अशा वेळी दोष नव्या भागावर येतो, पण कारण सहसा वेगळं असतं. एक तर गळती एका ठिकाणची आणि बदललेला भाग दुसऱ्याच ठिकाणचा, नाहीतर भाग बरोबर असूनही तो क्षार चढलेल्या बैठकीवर (टाकीच्या तळातली गोल कड, जिच्यावर सील टेकतं) तसाच बसवलेला.

टाकीतलं पाणी भांड्यात जायला मुख्य वाटा दोन. एक खालची, म्हणजे फ्लश व्हॉल्व्हच्या (बटण दाबल्यावर पाणी सोडणारा मधला उभा भाग) तळाचं सील नीट टेकत नाही आणि पाणी त्याखालून निसटतं. दुसरी वरची. टाकी भरून झाली तरी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह (फ्लोट व्हॉल्व्ह, इनलेट व्हॉल्व्ह किंवा बॉल कॉक) पूर्ण बंद होत नाही, पाणी चढत राहतं आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या नळीतून भांड्यात उतरतं. भांड्यात दिसणारी धार दोन्ही वेळी सारखीच असते, म्हणून नुसतं भांडं बघून निदान करू नका.

आवाज काय सांगतो

कोणी फ्लश केलेला नसताना दर वीस मिनिटांनी किंवा तासाभराने टाकी आपोआप थोडी भरते आणि गप्प होते, तर गळती खालची आहे. पाणी सीलखालून हळूहळू जातं, पातळी थोडी उतरली की तरंगा (फ्लोट) खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी भरतं, बंद होतो. आवाज इनलेट व्हॉल्व्हचा येत असल्यामुळे लोक तोच बदलतात. तो मात्र आपलं काम चोख करत असतो. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

उलट सतत बारीक ‘स्स्स’ असा आवाज येत राहिला आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाशी टेकलेलं दिसलं, तर गळती वरची. पाणी तोंडापासून बोटभर खाली आहे आणि तरी ‘स्स्स’ थांबत नाही, असं असेल तर खालची गळती इतकी मोठी आहे की टाकी भरूनच होत नाही.

दोन परीक्षा, सामान घेण्याआधी

पहिली रंगाची. टाकीत कपड्यांची नीळ किंवा खायच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला तर गळती आहे हे नक्की. पण टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोवरून जात असेल तरीही रंग उतरतोच, म्हणून या परीक्षेवर थांबू नका.

दुसरी पेन्सिलीची, आणि खरं उत्तर ती देते. टाकी भरू द्या, अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करा, पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला पेन्सिलीने रेघ मारा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरलेली दिसली तर ती कुठे थांबते हे कळेपर्यंत कॉक बंदच ठेवा.

पातळी रेघेवरच राहिली, पण कॉक उघडल्यावर भांड्यात धार येते, तर फ्लश व्हॉल्व्हला हात लावू नका, इनलेट व्हॉल्व्ह बघा. पातळी उतरत थेट तळापर्यंत गेली, तर सील किंवा त्याची बैठक. पातळी उतरली पण मध्येच एका उंचीवर थांबली आणि नंतर हललीच नाही, तर ती उंची नीट बघून ठेवा. त्या उंचीवर ओव्हरफ्लोच्या नळीला भेग असते, किंवा उंची कमी-जास्त करता येणाऱ्या नळीचा सांधा तिथेच सैल झालेला असतो. खालचं सील कितीही वेळा बदललं तरी ही गळती थांबणार नाही.

परीक्षेआधी कॉक खरोखर बंद होतो ना, ते बघा. बंद करून एकदा फ्लश करा आणि पाच मिनिटं टाकीत डोकावून राहा. तळाशी पाणी साठायला लागलं तर कॉक झिरपतोय आणि रेघेवरून काढलेला निष्कर्ष चुकेल. तेव्हा मुख्य लाईन बंद करून परीक्षा घ्या.

या रेघेवरून किती पाणी जातं हेही कळतं. टाकी आतून ३५ सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद असेल, तर १ सेंमी उंचीत ५२५ घन सेंमी, म्हणजे अर्ध्या लिटरच्या किंचित वर पाणी मावतं. अर्ध्या तासात पातळी १ सेंमी उतरली तर दिवसाला सुमारे २५ लिटर वाया जातं. भांड्यात ही धार डोळ्यांना धड दिसतही नाही, काचेवरून ओघळावं तशी नुसती चमक दिसते.

गळती खालची असेल तर

लगेच सील काढू नका, आधी बटण तपासा. वरच्या झाकणातलं दोन भागांचं बटण आतल्या दोन दांड्यांना दाबतं. दांड्या आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येतात. त्या थोड्या जरी लांब राहिल्या तरी झाकण बसवल्यावर बटण व्हॉल्व्हला कायम किंचित दाबून धरतं, सील केसभर उचललेलं राहतं आणि पाणी जातं. ओळखायची खूण सोपी आहे. झाकण काढल्यावर गळती थांबते आणि झाकण ठेवल्यावर सुरू होते. दांडी आणि व्हॉल्व्हचं डोकं यांच्यात २ ते ३ मिमी मोकळी जागा हवी. बटण दाबल्यावर सुरुवातीला किंचित पोकळ खेळ जाणवला पाहिजे. केबलवर चालणारं बटण असेल तर केबल कुठे तीव्र वळणात अडकली आहे का बघा. वळलेली केबल बटण सोडल्यावरही पूर्ण मागे येत नाही.

बटणात दोष नसेल तर अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा. बहुतेक ड्युअल फ्लश (अर्धी आणि पूर्ण अशा दोन फ्लशच्या) व्हॉल्व्हचा वरचा उभा भाग तळातल्या बैठकीत खाचेत अडकवलेला असतो. तो दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की सुटून वर येतो. काही मॉडेलना बाजूला दोन खिट्ट्या असतात, त्या आत दाबून उचलायचं. फिरत नसेल तर पक्कड लावून पिळू नका. क्षारांनी धरलेलं असतं, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून तळाशी अर्धा तास राहू द्या (त्याआधी खालचा क्लोरीनचा इशारा वाचा), मग हातानेच सुटतं.

वर आलेल्या भागाच्या तळाशी रबरी किंवा सिलिकॉनची चपटी चकती असते, तेच सील. ते खाचेतून काढून उजेडात धरा. त्यावर बैठकीच्या कडेचा गोल ठसा उमटलेला दिसेल. ठसा सगळीकडे एकसारखा असेल तर सील नीट बसत होतं. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीसा असेल, तर व्हॉल्व्ह तिरका बसत होता, आणि नवं सीलही तसंच तिरकं बसेल. आता सील अंगठ्याने घासा. बोट काळं झालं तर रबर विरघळत चाललंय, ते धुऊन परत वापरण्यात अर्थ नाही. बोट स्वच्छ राहिलं, चकती मऊ आहे आणि दोन्ही बाजू सपाट आहेत, तर उलटी करून बसवता येते. पण ही तात्पुरती सोय समजा.

नवं सील घेताना जुनं सोबत न्या. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी ही तीनही मापं जुळायला हवीत. १ मिमी जास्त जाड सील खाचेत बसतं खरं, पण व्हॉल्व्ह पूर्ण खाली येऊन अडकत नाही. मिळत असेल तर सिलिकॉनचं घ्या, ते साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं.

आता बैठक, म्हणजे तळातली ती गोल कड जिच्यावर सील टेकतं. दुरुस्ती करून परत गळणाऱ्या टाक्यांचं मूळ जास्त करून इथेच सापडतं, आणि ते बोटालाच कळतं, कारण डोळ्याला पाण्याखाली सगळं गुळगुळीत दिसतं. बोटाचं टोक कडेवरून हळूहळू पूर्ण फिरवा. बारीक रवाळ खडबडीतपणा, एखादा टोचणारा कण किंवा बुळबुळीत थर लागला तर सील कितीही नवं असो, पाणी त्या कणाच्या दोन्ही बाजूंनी निसटणार. फडक्याची घडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून बैठकीवर अर्धा तास ठेवा, किंवा एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून तेवढ्या भागात ओता. बुडबुडे आले तर क्षारच आहेत. बुडबुडे थांबल्यावर जुन्या टूथब्रशने घासा, घट्ट थर लाकडी काडीने खरवडा. तारेची घासणी, सँडपेपर, स्क्रू ड्रायव्हरचं टोक यांना इथे जागा नाही. प्लास्टिकच्या बैठकीवर एक आडवा ओरखडा पडला की तो कायमची नाली होतो आणि मग पूर्ण बैठक बदलावी लागते.

एक इशारा गांभीर्याने घ्या. टाकीत क्लोरीनची गोळी टाकलेली असेल किंवा भांड्यात ब्लीच ओतलेलं असेल, तर त्या पाण्यात कुठलंही ॲसिड, अगदी व्हिनेगरही, घालू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद संडासात तो लगेच छातीला लागतो. आधी टाकीतली उरलेली गोळी बाहेर काढा आणि दोन-तीन वेळा फ्लश करून पाणी पूर्ण बदला.

सीलला चिकट ग्रीस, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि आकार सोडतं. काही लावायचंच असेल तर साध्या रबराच्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात पुरतो, सिलिकॉनच्या सीलला तोही नको. व्हॉल्व्ह परत बसवताना बैठकीच्या खाचा जुळवून घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडकल्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मग वर ओढून बघा, हलता कामा नये. अर्धवट अडकलेला व्हॉल्व्ह टाकी भरली की पाण्याच्या उचलीने एका बाजूने किंचित तरंगतो, आणि सीलवर तो एकतर्फी ठसा उमटतो.

सील नवं, बैठक स्वच्छ, दांड्या आखूड, तरीही पातळी तळापर्यंत उतरते? मग बैठकीच्या खालचा मोठा वॉशर बघा. बैठक टाकीच्या तळाच्या भोकात नटाने आवळलेली असते आणि आतल्या बाजूला, तिच्या कॉलरखाली एक रबरी वॉशर असतो. तो कडक झाला की पाणी सीलला वळसा घालून आट्यांच्या कडेने खाली उतरतं. टाकी कमोडवरच बसलेली असेल तर हे पाणी बाहेर न दिसता भांड्यातच जाऊ शकतं, म्हणून दोष सीलवर येतो. टाकी भिंतीवर वेगळी असून खाली नळी येत असेल, तर मात्र नटापाशी थेंब लोंबताना दिसतात. कमोडवरच्या टाकीत हा वॉशर बदलायला टाकी उतरवावी लागते, त्याची रीत पुढे दिली आहे.

गळती वरची असेल तर

टाकी भरल्यावर तरंगा हाताने वर उचला. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला आहे, पातळी चुकीची लावलेली आहे किंवा तरंगा पुरेसा वर येत नाही. थांबलं नाही तर दोष व्हॉल्व्हच्या आत आहे.

पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून २० ते २५ मिमी खाली हवी. उभ्या व्हॉल्व्हला बाजूला लांब स्क्रू असतो, तो फिरवून तरंगा खाली आणायचा. जुन्या पितळी बॉल कॉकमध्ये स्क्रू नसेल तर दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवतात. चेंडू काढून कानाशी हलवा, आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, बदला. तरंगा टाकीच्या भिंतीला किंवा फ्लश व्हॉल्व्हला घासत असेल तर कधी वर येतो, कधी अडकतो, आणि ‘कधी गळते, कधी नाही’ अशी तक्रार तयार होते. चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा.

ओव्हरफ्लोमध्ये सोडलेली बारीक भरण-नळी असेल तर तिचं टोक बघा. ते ओव्हरफ्लोच्या आत खोलवर, टाकीतल्या पातळीपेक्षा खाली गेलेलं असेल, तर काही व्हॉल्व्हमध्ये नळी सायफनसारखी टाकीतलं पाणी ओढून भांड्यात सोडते. टोक तोंडाच्या वर क्लिपने अडकवा. ड्युअल फ्लशच्या बऱ्याच टाक्यांना ही नळी नसतेच.

आता व्हॉल्व्हच्या आतला भाग. हल्लीच्या आवाज न करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये नखाएवढ्या जाडीचा रबरी पडदा असतो. त्याच्या मध्यावर बारीक भोक आणि भोकातून गेलेली एक पिन. पिन आणि भोक यांच्यातल्या फटीतून पाणी झिरपून पडद्यामागच्या कप्प्यात जातं. या कप्प्याला बाहेर पडायला दुसरं छोटं भोक असतं, आणि तरंगा वर आला की तरफेची इवलीशी रबरी गादी त्यावर टेकते. बाहेर पडायची वाट बंद झाली की कप्प्यात दाब साठतो. मागच्या बाजूला दाबाला जास्त क्षेत्रफळ मिळत असल्यामुळे पडदा पुढे सरकतो आणि मुख्य पाणी बंद होतं. हे लक्षात आलं की लक्षणं आपोआप उलगडतात. पिनेची फट वाळूच्या कणाने बुजली, तर मागे दाबच साठत नाही आणि पाणी कधीच बंद होत नाही. छोट्या भोकावरच्या गादीला खड्डा पडला, तर बारीक ‘स्स्स’ चालू राहतं. तेच छोटं भोक क्षारांनी बंद झालं, तर कप्प्यातला दाब सुटत नाही आणि टाकी भरायलाच तयार होत नाही.

साफ करायला दहा मिनिटं लागतात. कॉक बंद करा, फ्लश करा, व्हॉल्व्हचं वरचं टोपण सोडवा (बऱ्याच मॉडेलना पाव फेरा पुरतो) आणि पडदा कुठली बाजू वर होती ते बघून ठेवून बाहेर काढा. पडदा पाण्याखाली चोळून धुवा, फटीतला कण काढा. भोक मोठं होईल म्हणून त्यात सुई घालू नका, जोरात फुंकर मारा किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. टोपण लावण्याआधी उघड्या व्हॉल्व्हवर पेला उपडा धरून कॉक दोन-तीन सेकंद उघडा, म्हणजे पाइपातला गाळ बाहेर येईल. पेला न धरल्यास कारंजं थेट छताला लागतं. गादीला खड्डा असेल तर ती उलटी करून बसवता येते. पडद्याला भेग किंवा सुरकुती असेल तर तो बदला. पडदा सुटा मिळत असल्यास पूर्ण व्हॉल्व्ह बदलायची गरज नाही.

रात्रीच आवाज येतो आणि दिवसा येत नाही, ही तक्रारही याच बाजूची. रात्री वापर कमी झाला की लाईनमधला दाब वाढतो आणि झिजलेल्या पडद्याला तो पेलवत नाही. अँगल कॉक थोडा आवळून बघा. आवाज थांबला तर निदान पक्कं झालं, पण पडदा तरीही बदलावा लागेल. बंद होताना पाइपात ‘धाड्’ असा ठोका बसत असेल तर कॉक अर्धा बंद ठेवल्याने तो बराच कमी होतो.

टाकी फार हळू भरत असेल तर व्हॉल्व्हच्या शेपटीत, कनेक्शन पाईप जिथे लागतो तिथे, एक बारीक जाळी असते. ती टोकदार पक्कडीने ओढून काढा आणि धुवा. दाब मुळातच कमी असण्याचंही कारण असू शकतं. पाण्याच्या १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे छतावरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो ०.२ ते ०.३ बारच असू शकतो. पडद्याच्या व्हॉल्व्हला लागणारा किमान दाब पाकिटावर छापलेला असतो, तो बघून घ्या. काही व्हॉल्व्हच्या शेपटीत पाणी रोखणारी प्लास्टिकची चकती असते. दाब कमी असेल तिथे ती काढून टाकायची, जास्त असेल तिथे ठेवायची.

नवा भाग इतक्या लवकर का बिघडतो

नवा इनलेट व्हॉल्व्ह दोन दिवसांत गळायला लागला तर तो उघडून बघा. पडद्याच्या फटीत टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा सापडण्याची दाट शक्यता असते. आट्यांच्या तोंडापर्यंत टेप गुंडाळला की कडेचे तंतू पाण्याबरोबर आत जातात. कनेक्शन पाइपाच्या दोन्ही टोकांना रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो, तिथे टेप लागतच नाही. टेप लागतो फक्त भिंतीत जाणाऱ्या आट्यांना, आणि तिथेही पहिला एक आटा मोकळा सोडून. शिवाय नवा व्हॉल्व्ह जोडण्याआधी कनेक्शन पाइपाचं मोकळं टोक बादलीत धरून दहा-पंधरा सेकंद पाणी सोडा. जुन्या लाईनमधून त्या वेळी निघणारा तांबूस गाळ बघितला की ही पायरी परत कधी चुकणार नाही.

टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या जंतुनाशक गोळ्या हे दुसरं मोठं कारण. गोळी तळाशी, बरोबर सीलच्या शेजारी विरघळते आणि रबर दिवस-रात्र तीव्र क्लोरीनमध्ये भिजत राहतं. सील वर्षाच्या आत फुगलं किंवा काळं पडलं असेल तर आधी गोळी बंद करा. स्वच्छतेसाठी गोळी हवीच असेल तर भांड्याच्या कडेला लटकवायची घ्या.

पाणी जड असेल तर क्षार परत चढणारच. अशा ठिकाणी दर सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून व्हिनेगरने धुणं हा एकच उपाय टिकतो.

पूर्ण किट बदलायचं असेल तर

आधी मापं घ्या. टाकीच्या तळापासून झाकणाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची, तळातल्या मोठ्या भोकाचा व्यास, पाणी आत येण्याची बाजू (खालून, बाजूने की मागून) आणि आट्यांचं माप. आट्यांच्या मापात पुष्कळ गोंधळ होतो. ‘अर्धा इंची’ आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिमी भरतात आणि ‘तीन-अष्टमांश इंची’ सुमारे १६.७ मिमी. पट्टीवर अर्धा इंच शोधत बसू नका. बटण एक आहे की दोन भागांचं, आणि झाकणातलं भोक किती मोठं, तेही लिहून ठेवा.

टाकी कमोडवर बसलेली असेल तर पाणी बंद करून फ्लश करा आणि तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. कनेक्शन पाईप सोडवा. टाकीखालचे दोन (कधी तीन) बोल्ट काढा. ते गंजून बसले असतील तर टाकी आणि भांड्याच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून कापा, फिरवायचा हट्ट केला तर सिरॅमिक फुटेल. टाकी सरळ वर उचलून जाड टॉवेलवर पालथी ठेवा. भोकाभोवती जाड स्पंजची गोल कडी असते, ती काढून टाका आणि नवी आणा, जुनी दाबली गेलेली कडी परत बसत नाही. मग मोठा नट सोडवून बैठक बाहेर काढा.

भोकाच्या दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा आणि उजेडात केसासारखी भेग आहे का ते बघा. भेग असेल तर काम इथेच थांबवा, सिरॅमिकची टाकी एम-सील किंवा सिमेंटने जोडून भरवशाची होत नाही. नवी बैठक आतून घाला, रबरी वॉशर आतल्या बाजूला, नट बाहेरून. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. प्लास्टिकचा नट जास्त आवळला की वॉशर एका बाजूला बाहेर सरकतो किंवा आटे चिरतात, आणि गळती थांबवण्यासाठी लावलेला जोरच गळती सुरू करतो.

बोल्टच्या डोक्याखाली, टाकीच्या आत, रबरी वॉशर. बाहेर खाली धातूचा वॉशर आणि नट. बोल्ट पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, एकच बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर टाकी तिरकी बसेल. टाकी डुलायची थांबली की तुम्हीही थांबा.

इनलेट व्हॉल्व्ह बसवताना बाहेरचा नट आवळताना आतून व्हॉल्व्ह दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर तो फिरून तरंगा भिंतीला टेकतो. व्हॉल्व्हवर ‘सी एल’ (CL, म्हणजे क्रिटिकल लेव्हल) अशी खूण असेल तर ती ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा किमान २५ मिमी वर ठेवा, म्हणजे लाईनमध्ये ओढ निर्माण झाली तरी टाकीतलं पाणी पिण्याच्या लाईनमध्ये मागे जात नाही. आणि ओव्हरफ्लोचं तोंड टाकीच्या बाजूच्या भोकांपेक्षा, हँडलच्या भोकापेक्षा, खाली असायला हवं. नाहीतर व्हॉल्व्ह बिघडला त्या दिवशी पाणी भांड्याऐवजी फरशीवर येईल.

पाणी सोडल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा, हाताला न कळणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी एकदा परत फिरवा. मग अर्धी आणि पूर्ण फ्लश तपासा. ६ आणि ३ लिटरच्या टाकीत पूर्ण फ्लशला भांडं एका झटक्यात साफ व्हायला हवं. होत नसेल तर व्हॉल्व्हच्या बाजूचा सरकता तरंगा एक खाच हलवा.

वेगळ्या बनावटीच्या टाक्या

साखळीवर उचलणारी रबरी झडप असेल तर साखळीत १ ते १.५ सेंमी ढील ठेवा. ताठ साखळी झडपेला टेकू देत नाही, फार लांब साखळी झडपेखालीच अडकते. जुन्या घंटीच्या किंवा सायफनच्या टाकीत खालचं सील नसतंच, तिथे भांड्यात धार आली तर दोष हमखास वरचा. पण हँडल तीन-चारदा ओढल्याशिवाय फ्लश होत नसेल तर आतला प्लास्टिकचा पातळ पडदा फाटलाय, किंवा पातळी कमी असल्यामुळे सायफन लागत नाही. पातळी आधी तपासा.

भिंतीतल्या टाकीत सगळं काम बटणाच्या पाटीमागच्या चौकोनातून करायचं. पाटी वर सरकवून काढा, मागचं झाकण काढा, आतला छोटा कॉक बंद करा, मग दांड्या, इनलेट व्हॉल्व्ह आणि शेवटी फ्लश व्हॉल्व्ह, याच क्रमाने बाहेर येतात. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, कारण परत बसवताना क्रम चुकला तर हात आत जात नाही. सुरुवातीलाच चौकोनाच्या खालच्या कडेला फडकं खोचा, आत पडलेला स्क्रू बाहेर काढणं फार कठीण जातं. इथे सर्वसाधारण किट चालत नाही, टाकीवरच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक बघून त्याचाच भाग मागवा.

टाकी बाहेरून ओली दिसते आणि खाली थेंब पडतात, पण पेन्सिलीच्या रेघेवरून पाणी हलत नाही, तर दमट हवेत थंड सिरॅमिकवर सुटलेला तो घाम असू शकतो. टाकीतलं पाणी रंगवा, बाहेरून पुसून कोरडं करा आणि तासाभराने पांढरा कागद फिरवा. कागदावर रंग नसेल तर आवळायला काहीच नाही, खिडकी उघडी ठेवा.